कशावरनं मामांची मरमट

मामा कधी एका घड्याळावरून वेळ सांगायचे नाहीत. आधी प्रयोगशाळेच्या भिंतीवरचं बघायचे, मग माझ्या मनगटावरचं, मग दारावरून जाणाऱ्या कुणाला तरी थांबवून त्याचा मोबाइल. तिन्ही जुळली तरी चेहऱ्यावर समाधान नाहीच. "तिघांनी एकाच ठिकानावरनं लावली असतील," असं पुटपुटत तासाची घंटा द्यायला जायचे. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली, पण त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस मी पाहिलं नाही. सगळे म्हणायचे कशावरनं मामा. कारण त्यांना काहीही सांगा, अगदी बाहेर ऊन पडलंय म्हणून सांगा, ते विचारणारच, "कशावरनं?"

आमची ओळखच त्या प्रश्नानं झाली. मी नवीन लागलेली, विद्यापीठात पहिली आलेली, नाकावर माशी बसू देत नव्हते. पहिली सहल होटगीच्या पुढच्या माळावर नेली. चाळीस पोरं-पोरी, आणि मागे झाडपाला दाबायची लाकडी फळी खांद्याला लावून मामा. एका काटेरी झुडपाकडे बोट करून मी ऐटीत सांगितलं, ही वेडी बाभूळ, परदेशातून आलेली, आपल्या माळरानांचा सत्यानाश करणारी. मागून आवाज आला, "कशावरनं, म्याडम?" चाळीस माना मागे वळल्या. मी म्हटलं, पानांवरून. तर म्हणाले, पान तर चिंचंलाबी असंच असतं की. मी तिरीमिरीत झुडपाजवळ गेले. फांदीच्या टोकाला एक पिवळं फूल होतं, गोल, लोकरीच्या गोंड्यासारखं. वेडी बाभूळ गोंड्यात फुलत नाही. तिची फुलं बोटभर लांब तुऱ्यात येतात. हे मी परीक्षेत दहा वेळा लिहिलेलं. समोर होती ती अस्सल आपल्या मातीतली होती आणि मी तिला परदेशी ठरवून मोकळी झाले होते.

मामा हसले नाहीत. परत येताना मी जाब विचारला तर म्हणाले, "मी कुटं काय म्हनलो? निस्तं इचारलं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, विभागप्रमुखांनी मुद्दाम हा माणूस माझ्यावर सोडलाय, नव्या बाईला उघडं पाडायला. दोन महिने मी त्यांच्याशी सरळ बोलले नाही. ते मात्र रोज माझ्यासमोर चहाचा कप ठेवायचे, त्याआधी दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर सोडून, तो किती पळतो ते बघून. दूध आणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हशीवर होता का, ते मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या संशयाला जात-धर्म, लहान-थोर काही नव्हतं. कपाटाला कुलूप असायचंच, शिवाय कडीला दोरा, आणि दोऱ्याला अशी गाठ की दुसऱ्या कुणी सोडून बांधली तर यांना सकाळी कळावं. एसटीवर मंगळवेढ्याची पाटी असली तरी ते आधी वाहकाला विचारायचे, मग चालकाला, मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला. मी एकदा यावर पोटभर हसले, म्हटलं, मामा, पाटी वाचता येते ना तुम्हाला? ते म्हणाले, पाटी बदलायची राहिली असंल तर? त्याच महिन्यात मी पंढरपूरची पाटी बघून ऐटीत गाडीत बसले आणि अर्ध्या तासानं डोळे उघडले तर गाडी अक्कलकोटच्या रस्त्याला. मागच्या फेरीची पाटी तशीच राहिली होती. ही गोष्ट मी कॉलेजात कुणाला सांगितली नाही, पण मामांना कशी कोण जाणे कळली. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर त्यांनी मला एक पेढा दिला, बास.

इतका संशय कशाला, असं मी एकदा विचारलं. मामा मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या एका गावचे, धनगराच्या घरचे. वडील मेंढरं राखायचे, धाकटा भाऊ बिरू अजून राखतो. मामा तेवढे शाळेला चिकटले आणि कॉलेजात लागले. ते म्हणाले, "म्याडम, लांडगा कधी सांगून येतो का?"

आमचा अबोला सुटला तो काट्यांमुळेच. तोंडानं मान्य करायला मला जड गेलं, पण काटेरी झाडं ओळखायला मी शिकले ती मामांकडून. झाड दिसलं की लगेच नाव घ्यायचं नाही, हा पहिला नियम. नाव घेतलं की डोळे बंद होतात, म्हणायचे. आधी भोवती एक फेरी मारायची. बुडातून एकच खोड उठलंय की जमिनीतूनच चार-पाच फुटलीत ते बघायचं. मग काटा, मग शेंग. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, वेड्या बाभळीची जाड, पिवळट आणि गोड. आणि त्यांच्या गावाकडे जिला मरमट म्हणतात तिची शेंग चपटी, पातळ, जराशी वाकडी. मरमट म्हणजे पुरुषभर उंचीचं झुडूप, जोडीजोडीनं येणारे लांब पांढरेशुभ्र काटे आणि इवलीशी पानं. होटगीच्या माळावर माझं नाक कापलं ते हिनंच. हे सगळं बघून झालं तरी मामांचा शेवटचा साक्षीदार वेगळाच असायचा. शेळीला विचारायचं. वेड्या बाभळीच्या शेंगा शेळी आवडीनं खाते, पण हिरव्या पाल्याला तोंड लावत नाही. मरमटीचा पाला मात्र ओठ पुढे काढून काट्यांतून अलगद वेचते. शेळीला कुनी पगार देत न्हाय, म्हणून ती खोटं बोलत नाही, असा त्यांचा हिशेब.

पुढे पोरांच्या हातात मोबाइल आले. फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं अ‍ॅप आलं. एका पोरानं मामांना मोठ्या कौतुकानं दाखवलं. मामांनी एकाच झुडपाचा फोटो त्याला समोरून, बाजूनं आणि खालून काढायला लावला. अ‍ॅपनं तीन नावं सांगितली. मामा इतके खूश झाले की त्या पोराला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

आता मला ज्याची लाज वाटते ते सांगते. उन्हाळ्यात दर शनिवारी मामा गावी जायचे तेव्हा खांद्यावर भरलेलं पोतं असायचं, तोंड सुतळीनं शिवलेलं. त्या वर्षी प्रयोगशाळेतली काचेची भांडी कमी होत असल्याची कुजबुज होती. मामांच्या सहवासात राहून मीही पक्की संशयी झाले होते, वाण नाही पण गुण लागलाच. एका शनिवारी मी त्यांना फाटकात अडवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, मामा, पोत्यात काय आहे? त्यांनी पोतं खाली ठेवलं, सुतळी उसवली, तोंड माझ्यापुढे धरलं. आत शेंगा होत्या. कॉलेजच्या मागच्या भिंतीलगत वेडी बाभूळ माजली होती, तिच्या वाळलेल्या शेंगा. गावाकडे चैत्र-वैशाखात चारा नसतो, त्या खाऊन कोकरं बाळसं धरतात, म्हणून दर आठवड्याला वेचून नेत होते. मला वाटलं जमीन फाटावी आणि आत जावं. मामांना राग आला नव्हता, उलट तोंड फुललं होतं. "बरं केलं इचारलंत," म्हणाले, "इचारायलाच पायजे." पोत्यात काचा नाहीत एवढं बघून मी सुटले. त्या शेंगांबद्दल आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही, आणि त्यांनीही नाही.

मरमटीचं नाव ते वारंवार काढायचे त्याला कारण होतं. त्यांच्या गावच्या गायरानावर, टेकडीच्या पायथ्याला मरमटीचं दाट बन होतं. मेंढ्या व्यायल्या की कोकरं त्या बनातल्या वाडग्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या कोंडवाड्यात, ठेवायची, ही त्यांच्या घरची पिढ्यांची रीत. भोवती एवढा काटा की लांडगा आत घुसत नाही, सावली आहे, आणि कोकरू पहिला पाला खायला शिकतं तो मरमटीचाच. बन गेलं तर बिरूनं कोकरं ठेवायची कुठं, याला उत्तर नव्हतं.

आणि एका एप्रिलमध्ये त्या गावच्या पंचायतीचं पत्र माझ्याच टेबलावर आलं. गायरानावर वेडी बाभूळ वाढली आहे, कोळसा पाडणारा एक ठेकेदार जेसीबी लावून सगळं मोकळं करून द्यायला तयार आहे, तरी हे रान वेड्या बाभळीचंच असल्याचं तज्ज्ञांचं पत्र मिळावं. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर पाच फोटो. मी बघितले, पाचही फोटोंत बोटभर लांब पिवळे तुरे, शंकेला जागा नाही. पत्र टाइप केलं, सही करायला पेन उघडलं. मामा चहा घेऊन मागे उभे होते.

"कशावरनं?"

मी वैतागून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाचही फोटो मागे-पुढे करून दोनदा बघितले आणि एका कोपऱ्यावर नख ठेवलं. एक मोडून लोंबणारी फांदी होती. ती पाचही फोटोंत होती. एकाच झाडाला पाच बाजूंनी टिपून पूर्ण गायरान म्हणून पाठवलं होतं. मी पेन मिटलं, पण सरळ कबूल करीन तर मी कसली. म्हटलं, मामा, यात तुमचाही स्वार्थ आहे, तुमच्या भावाची कोकरं असतात तिथं. ते म्हणाले, "हाय की. म्हनूनच म्हनतो, माज्यावरबी इश्वास ठिवू नका. सोता येऊन बगा."

मग काय, मेच्या एका रविवारी आम्ही गेलो. एसटीत चढण्याआधी मीसुद्धा वाहकाला विचारून घेतलं. वाटेत मामांनी त्यांचं खरं दुखणं काढलं. गेली दोन-तीन वर्षं मरमटीच्या बनात वेड्या बाभळीची रोपं उगवत होती, अगदी आतपर्यंत. कुणीतरी मुद्दाम बी टाकतंय, याची त्यांना खात्री होती. पहिला संशय ठेकेदारावर, म्हणजे सगळं रान वेडंच आहे असं दाखवता यावं. दुसरा भाऊबंदांवर. तिसरा पंचायतीतल्या एका सभासदावर, कारण तो अलीकडे फार गोड बोलत होता. चोर धरायला त्यांनी बनाच्या वाटेवर मऊ माती पसरून ठेवली होती आणि दर शनिवारी जाऊन ठसे तपासत होते. मी विचारलं, सापडले का ठसे? म्हणाले, मेंढरांचे सापडले आणि माझ्या पायताणाचे. म्हणजे चोर लई हुशार हाय.

बनाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बिरू एक शेळी घेऊन उभाच होता. बाहेरच्या कडेला सगळीकडे वेडी बाभूळ, भर उन्हाळ्यात निर्लज्जासारखी हिरवीगार. तिच्या आत मरमट, करडी, जवळजवळ निष्पर्ण, नुसते पांढरे काटे. फूल नव्हतं. मी फेरी मारली, बुडं बघितली, काटे मोजले, पालापाचोळ्यातून चपट्या वाकड्या शेंगा वेचल्या. मग मीच म्हटलं, आता शेळीला विचारू. बिरूनं वेड्या बाभळीची हिरवी फांदी पुढे धरली, शेळीनं हुंगून तोंड फिरवलं. मरमटीला खाली कुठं कुठं कोवळी पालवी होती, तिथं मात्र काट्यांतून ओठ घालून ती चार-चार पानं वेचत राहिली. माझी खात्री पटली. मामांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच प्रश्न न विचारता.

मी आत वाडग्यापर्यंत गेले. कोकरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, तिच्याभोवती ओल, आणि त्या ओलीत वेड्या बाभळीची नुकती उगवलेली रोपं. मी खाली बसून एक अलगद उपटलं. मुळाला माती नव्हती, लेंडी होती. मेंढराची वाळकी लेंडी फोडून ते रोप वर आलं होतं. दुसरं उपटलं, तेही तसंच. हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवत होते, की वेड्या बाभळीची शेंग जनावर पचवतं पण कठीण बी जसंच्या तसं बाहेर पडतं आणि उलट जोमानं रुजतं. त्या शनिवारी पोतं माझ्यापुढे उघडं होतं तेव्हा हे मला का आठवलं नाही, देव जाणे. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

खरं सांगते, क्षणभर वाटलं ते रोप मुठीत दाबावं आणि काही बोलू नये. या माणसाला मी दुसऱ्या कशानंही दुखवलं असतं. पण ते शेजारी येऊन उभे राहिले होते. मी तळहात पुढे केला. त्यांनी वाकून बघितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कशावरनं?"

मी म्हटलं, "मामा, पोतं."

ते तिथंच डोणीच्या कडेला बसले. बिरू काय झालं म्हणून विचारत राहिला. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "समद्यांवर संशय घेतला, म्याडम," म्हणाले, "सोतावर घ्यायचा राह्यला." मी म्हटलं, मीही पोतं बघितलं होतं, चूक माझीही आहे, मी तर शिकलेली. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही.

सोमवारी मी नवं पत्र लिहिलं. कडेची वेडी बाभूळ हातानं तोडावी, आतलं बन मरमटीचं आहे, अस्सल इथलं आहे, त्याला हात लावू नये, यंत्र आत नेऊ नये. मामांनी वाचायला मागितलं. वाचून म्हणाले, आत रोपं कशी आली ते लिहिलं नाही. मी म्हटलं, त्याची गरज नाही. गरज होती हे मला माहीत होतं, पण ते लिहिलं तर पंचायत बिरूच्या मेंढरांवरच बोट ठेवणार हेही माहीत होतं. मामा म्हणाले, "उद्या कुनी इचारलं, म्याडमचं पत्र खरं कशावरनं, तर? अर्दं लिवलं तर समदंच खोटं पडंल." मग मी ते लिहिलं.

बन वाचलं. जेसीबी कडेपर्यंत येऊन परत गेला. पण पंचायतीनं बिरूची मेंढरं वर्षभर गायरानावर बंद केली, त्याला ती घेऊन पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत भटकावं लागलं. बिरू भावाशी बोलायचा बंद झाला. स्वतःच्या घरावर कुऱ्हाड मारणारा असा भाऊ शत्रूलाही नको, असं तो गावभर म्हणत होता. मामा दर रविवारी एकटेच बनात जायचे आणि रोपं उपटायचे. सोमवारी चहाचा कप ठेवताना बोटांवर काट्यांचे ओरखडे दिसायचे. मी म्हणायचे, हातमोजे घाला. म्हणायचे, हातमोज्याला कळत नाही कोण कुठलं ते.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कपाटाच्या किल्ल्या मला दिल्या, आणि दोऱ्याची ती गाठ दोनदा मारून दाखवली. मला ती अजून येत नाही. पुढची चार वर्षं ते गावातच राहिले, बनाच्या कडेला. मागच्या थंडीत छातीचं दुखणं निघालं. सोलापूरच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तर डॉक्टर सांगत होते, आता बरं वाटतंय तुम्हाला. मामांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही, पण काय विचारलं ते मला कळलं. त्यानंतर तीन दिवसांनी गेले. मी प्रयोगशाळेत बसून लहान पोरीसारखी रडले.

दिवस झाल्यावर मी गावी गेले. बिरू स्टँडवर घ्यायला आला होता. भावावरचा त्याचा राग कधीतरी गेला होता. बनाच्या अलीकडे एक वाडगं नवं दिसलं. तो म्हणाला, बाहेरून चरून आलेली मेंढरं आधी चार दिवस इथं कोंडायची, पोट रिकामं झालं की मगच बनात सोडायची, दादाचा नियम. "मेला तरी इश्वास न्हाय ठिवला कुनावर," असं म्हणून तो दुसरीकडे बघायला लागला. आत मरमट फुलली होती. पिवळे गोल गोंडे लांबूनही दिसत होते.

मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात बिरूनं हात आडवा धरला. म्हणाला, "म्याडम, पिशवी झटका." मला रागच आला. म्हटलं, अरे, मी काय मेंढरू आहे? तीस वर्षं हेच शिकवतेय मी. तो हलला नाही. मग मी चिडून पिशवी उलटी केली. चष्म्याचं घर पडलं, रुमाल पडला, पेन पडलं, आणि मागच्या आठवड्यात वर्गात दाखवायला नेलेल्या वेड्या बाभळीच्या शेंगेचा एक तुकडा पडला, आत दोन बिया धरून.

माझे डोळे भरून आले, आणि हसूही. बिरूनं तो तुकडा उचलला, घरी चुलीत घालायला तंबाखूच्या डबीत ठेवला, डबीचं झाकण दोनदा दाबून बघितलं.

"आता चपला," तो म्हणाला.